अध्यक्षांची चप्पल

उपचार केंद्राच्या हॉलमध्ये रबरी फरशी बसवायची होती. अध्यक्ष त्र्यंबकराव म्हणाले, "सुताराचा पांढरा गोंद लावा. मी जन्मभर तोच वापरला." इंजिनिअर ऋजुताने रबराचा गोंद मागितला, तर "कालची पोर तू" एवढंच उत्तर मिळालं.

तेवढ्यात त्यांच्या चपलेचा रबरी सोल सुटला. ऋजुताने पांढऱ्या गोंदाचा डबा उघडला.

"द्या काका, चिकटवते."

"अगं, रबराला हा कसा धरेल? दोन पावलांत आपटेन मी."

"इथे गुडघे बदललेल्या आज्या चालायला शिकणार आहेत, काका. त्या किती पावलांत आपटतील?"

संध्याकाळी रबराचा गोंद आला. फरशीआधी त्याने अध्यक्षांची चप्पल चिकटली, ते ऋजुताने मोठ्या मनाने चालवून घेतलं.