सातव्या भावाचा हुंकार

खैरमाळावर माघात कथांची जत्रा भरते. चारी दिशांनी कथेकरी येतात, ओव्या म्हणणाऱ्या बाया येतात, पावा आणि संबळ वाजवणारे येतात. तीन दिवस माळ नुसता घुमत असतो. पण जत्रा सुरू होते ती चुकीनं. मधल्या काळ्या खडकावर बसून मानाची कथा सांगणारी बाई पहिलंच वाक्य चुकते आणि नवखे पाहुणे एकमेकांकडं बघून हसतात. मग गावातले गेनूबाबा सुतार त्यांना बाजूला घेतात. हसू नका, म्हणतात, ती चूक सोसून मिळवलेली आहे.

असं सांगतात, की पूर्वी ही कथा एकट्या मानाजीला येत असे. सात भावांनी हा माळ कसा वसवला, झरा कुणी शोधला, वाघानं कुणाला नेलं, कुणाचा वंश कुठल्या आळीत नांदतो, सगळं तिच्यात होतं. लिहिलेलं कुठंच नव्हतं. मानाजी सांगे आणि त्याची बायको ठमाबाई समोर बसून हुंकार देई. इकडची रीतच तशी. प्रत्येक वाक्याला समोरून 'हं' आलं पाहिजे, नाही आलं तर सांगणाऱ्यानं पुढं जायचं नाही. बावीस वर्षं 'हं' म्हणता म्हणता अख्खी कथा ठमाबाईच्या पोटात उतरली.

एका पावसाळ्यात मानाजी तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. माघ जवळ आला तशी ठमाबाई पंचांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, कथा मी सांगते. तात्याबा पाटील खवळले. बाईमाणूस मानाच्या खडकावर चढणार? त्यांनी दवंडी पिटवली, की तिला जो हुंकार देईल तो वाळीत पडेल. पाटलांना वाटलं, मिटलं. पण ठमाबाई हाडाची चिवट. एक साल कथा खंडली तर ती कायमची गेली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवरा गेला तो गेला, कथा ती जाऊ देणार नव्हती.

जत्रेच्या पहिल्या दिवशी उजाडताच ती खडकावर बसली. "सात भाऊ होते," म्हणाली आणि थांबली. लोकांनी माना खाली घातल्या. तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. दिवस मावळेपर्यंत एवढंच म्हणत राहिली म्हणे. दुसऱ्या दिवशीही तेच. ओठ फुटले, आवाज बसला. बाया पदरात तोंड लपवून रडल्या, पण 'हं' म्हणायची कुणाची छाती झाली नाही. हुंकाराविना सांगून मोकळी हो, असं एका म्हातारीनं सुचवलं. ठमाबाईनं मान हलवली. रीत मोडून सांगितलेली कथा तिला नको होती.

तिसऱ्या दिवशीही पाटील राखण करायला समोरच बसले होते. ठमाबाईनं त्यांच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "सहा भाऊ होते." एका दमात तिनं सहा नावं घेतली आणि थांबली. पाटलांची चुळबुळ सुरू झाली. तिनं पुन्हा सहाच नावं घेतली. तिसऱ्यांदा मात्र पाटलांना राहवेना.

"सात व्हते," ते म्हणाले. "सातवा आमचा दौलतजी."

"त्यो कुठं लिवून ठेवलाय का, पाटील?" ठमाबाईनं विचारलं. "माझ्या तोंडात हाय त्यो. म्या मेले की त्योबी मेला."

 पाटील उठले, पुढं सरकून हुंकाराच्या जागी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "हं." आपल्याच दवंडीनं ते वाळीत पडले. गावाचा पाटीलच वाळीत म्हटल्यावर पंचांना मुकाट दवंडी मागं घ्यावी लागली. कथा पुरी व्हायला आणखी दोन दिवस लागले, आणि पाटील जागचे हलले नाहीत.

आजही खडकावर बाईच बसते आणि "सहा भाऊ होते" म्हणूनच सुरुवात करते. पाटलांच्या घरातलं कुणीतरी सातवं नाव सांगतं आणि शेवटपर्यंत हुंकार देतं. कथा संपली की तेच माणूस उभं राहून एक वाक्य जोडतं. ते तात्याबांनी घातलं म्हणे. "आन् त्या सातांची एक बहीण व्हती, ठमा." त्या वाक्याला मात्र एकट्यादुकट्याचा हुंकार चालत नाही, अख्खा माळ देतो.