न ऐकवलेले पान

एका राज्यात, जिथे नदीकाठी कागदवाल्यांची सत्तर दुकाने होती आणि वजिराच्या शिक्क्याशिवाय उंटसुद्धा वेशीबाहेर पडत नसे, बुरहान नावाचा नकलनवीस राहत होता. त्याचे अक्षर पाहत राहावे असे. आणि घमेंडही तेवढीच.

त्या राज्याची रीत अशी होती की ग्रंथाची नक्कल झाली, की ती कर्त्यासमोर बसून मोठ्याने वाचायची. कर्त्याने शेवटी 'ऐकली' असे लिहिले, तरच नक्कल खरी.

गावाबाहेर तीन कोसांवर राहणाऱ्या सफूराबानूंनी वाळवंटातल्या विहिरींचा ग्रंथ रचला होता. बुरहान त्याची नक्कल घेऊन वाचायला बसला. पण बानू म्हाताऱ्या, ओळीओळीला थांबवून "पुन्हा वाच" म्हणायच्या. बुरहान कंटाळला. शेवटचे पान राहिले असता तो गेलाच नाही. बानूंच्या वळणात त्याने स्वतःच 'ऐकली' लिहिले आणि नक्कल व्यापाऱ्यांच्या तांड्याला देऊन टाकली.

नेमकी त्याच पानावरची एक ओळ गळली होती. तांडा खाऱ्या विहिरीवर गेला. अकरा उंट मेले, माणसे सुजलेल्या जिभांनी परतली. बानूंना विचारायला कोण जाणार? त्यांचा शब्द ग्रंथावर होताच. दोष आला तांड्याच्या वाटाड्यावर, मिसबाहवर. त्याला बेड्या घालून भर बाजारातून नेले, तेव्हा बुरहान मान खाली घालून डाळिंबे निवडत राहिला.

त्याच दुपारी राज्यातली सारी शाई उडाली. फर्माने कोरी, हकिमांच्या चिठ्ठ्या कोऱ्या, ग्रंथशाळेत तीस हजार कोरे ग्रंथ. एकच शब्द उरला, 'ऐकली', आणि तो बुरहानच्या तळहातावर उमटला. घासून घासून कातडी सोलली, तरी जाईना. मग त्याने हाताला फडके गुंडाळले.

दरबारात हुदहुद पक्षी येऊन बसला आणि बोलला, "जळत्या डोंगराची काजळी आणावी. जिनाच्या बाभळीचा डिंक आणावा. आणि जे पान ऐकवायचे राहिले, ते ऐकवावे."

तिसरे काम कोणालाच उमगले नाही. बुरहानला मात्र पुरते उमगले. पहिल्या दोहोंत भागेल, या आशेने तो म्हणाला, "खाविंद, मी जातो."

डोंगराने त्याच्या भुवया जाळल्या. जिनाने डिंकाच्या बदल्यात त्याच्या अक्षराचे सुंदर वळण मागितले. तेही त्याने दिले. शाई घोटून त्याने सुलतानासमोर कलम टेकवले. कागद कोराच.

"दोनच झाली," हुदहुद म्हणाला.

धरणी पोटात घेईल तर बरे, असे बुरहानला झाले. त्याने फडके सोडले आणि तळहात पुढे केला. "खाविंद, हा शब्द बानूंचा नव्हे, माझा. मिसबाह निर्दोष आहे."

सुलतानाने मिसबाहच्या बेड्या तोडायला लावल्या. मग त्याने दोघांनाही बानूंकडे पाठवले.

बानूंच्या ओसरीवर वाचणाऱ्याचे आसन घातलेले होते.

"बानू, मी येणार हे तुम्हाला कसे कळले?"

"कळले नाही. रोज घालते. एक पान राहिले होते ना?"

बुरहानला रडू आवरेना. "पान कोरे आहे," तो कसाबसा म्हणाला.

"आठवेल तसे म्हण. चुकलास की थांबवीन."

तो म्हणत गेला, तशी अक्षरे पानावर उमटत गेली. एके ठिकाणी बानू म्हणाल्या, "पुन्हा." त्याने पुन्हा म्हटले. "पुन्हा." त्याला ती ओळ येईना. तेव्हा बानूंनी सांगितली: "डावीकडची विहीर सोडावी, ती खारी आहे." त्याने ती म्हटली, आणि राज्यभर शाई आपापल्या जागी परतली. तळहातही कोरा झाला.

बुरहानने पान बानूंपुढे सरकवले. त्यांनी कलम घेतले नाही.

"या पानावर विसंबून चाललेला माणूस तो बसला आहे. त्याला ऐकव."

मिसबाहच्या मनगटांवर बेड्यांचे वळ होते. बुरहानने पहिल्यापासून वाचले. मिसबाहने त्याला थांबवले नाही. शेवटी त्याने अंगठा शाईत बुडवून पानावर उठवला.

"ऐकली," तो म्हणाला.

तेव्हापासून त्या राज्यात वाटेचा ग्रंथ कर्त्यासमोर वाचतात आणि मग वाटाड्यासमोर. वाचणारा बुरहानच असतो. मिसबाहपुढे बसला, की त्याची नजर अजून वर होत नाही.