पाणी काढून दाखवा

एकदा एका व्यापाऱ्याने संगणकाचे एक देखणे कॅबिनेट घडवून घेतले. संगणक थंड राहावा म्हणून त्यात पाणी खेळवले होते. काचेआड निळसर पाणी वळणदार नळ्यांतून फिरे, प्रोसेसरची उष्णता घेई, रेडिएटरच्या जाळीत निवे आणि पंपाकडे परत येई. एका रुग्णालयाला असे चाळीस संगणक हवे होते. अट एकच होती : शहरातल्या एका नावाजलेल्या वृद्ध तंत्रज्ञांनी कॅबिनेट तपासून पसंती द्यावी.

वृद्धांनी ते काम आपल्या शिष्येकडे दिले. म्हणाले, “या वेळी सही तुझी. मी फक्त बघायला येईन.”

तीन वर्षांच्या शिक्षणानंतरची ही तिची पहिली सही. तिने आठ दिवस परीक्षा घेतली. संगणकाला अवघड कामे दिली, दर तासाला तापमान टिपले, पंपाचा आवाज कान लावून ऐकला, सांध्यांखाली कोरडे कागद अंथरून एक थेंबही गळत नाही याची खात्री केली. अहवाल अकरा पानांचा झाला. शंकेखोर माणसाचे अहवाल लांबतातच. शेवटी तिने लिहिले, ‘रचना निर्दोष.’ सही मात्र गुरूंसमोर करायची म्हणून राखून ठेवली.

नवव्या दिवशी वृद्ध व्यापाऱ्याच्या दुकानात आले.

“हात लावून बघा, गुरुजी,” व्यापारी म्हणाला. “दिवसभर चालू आहे, तरी तापायचं नाव नाही. आणि रूप बघा! नवरीसारखं सजवलंय.”

वृद्धांनी रूप पाहिले, अहवाल चाळला. मग त्यांनी संगणक बंद केला, प्लग काढला आणि चहाच्या ओट्यावरचे रिकामे पातेले आणून टेबलावर ठेवले.

“शेठ, यातलं पाणी या पातेल्यात काढून दाखवा.”

व्यापारी हसला. “अहो, काढायचं कशाला? भरायलाच चार तास लागलेत!”

“तरी काढा.”

शिष्येचा चेहरा उतरला. “गुरुजी, पाणी उत्तम फिरतंय. मी सगळं तपासलंय.”

“मग तूच सांग, कुठून काढायचं?”

ती वाकली. पाणी ओतायचे तोंड वर होते. खाली काहीच नव्हते. अखेर दुकानातल्या मेकॅनिकने सर्वांत खालची नळी ओढून काढली. घोटभर पाणी पातेल्यात आले, बरेचसे मदरबोर्डवर आणि त्याच्या पँटवर सांडले. तरीही रेडिएटरच्या तळाशी काही राहिलेच. मग मेकॅनिक आणि व्यापारी दोघांनी ते जड कॅबिनेट उचलून, कळशी उपडी करावी तसे उलटे धरले.

“खाली तोटी होती हो आधी,” व्यापारी ओशाळून म्हणाला. “काचेतून ओबडधोबड दिसायची, म्हणून मीच काढायला लावली.”

वृद्ध शांतपणे म्हणाले, “शेठ, नव्या न्हाणीघराची फरशी सगळ्यांचीच चकचकीत असते. उतार आहे की नाही, ते पहिली बादली ओतल्यावर कळतं. आज हे पाणी निर्मळ आहे. वर्षा-दोन वर्षांनी त्यात शेवाळ धरेल, ते बदलावं लागेल. त्या दिवशी रुग्णालयात तुम्ही नसाल, मीही नसेन. असेल एखादा साधा कर्मचारी, आणि दाराबाहेर रिपोर्टसाठी ताटकळलेली माणसं. पोरी, यंत्र चालतं कसं, हे तू चोख पाहिलंस. पण रचनेची खरी परीक्षा ते उघडावं लागतं त्या दिवशी असते.”

“म्हणजे माझी अकरा पानं वाया?”

“वाया कशाला? बारावं लिही.”

तिने लिहिले : तळाशी, सर्वांत खालच्या जागी, तोटी हवी. तोवर पसंती नाही.

“पण ती दिसेल ना!” व्यापारी कळवळला.

शिष्या या वेळी गुरूंकडे न पाहता म्हणाली, “दिसू दे, शेठ. पाणी बदलणाऱ्याला ती दिसायलाच हवी.”

पंधरवड्याने तोटी बसवलेले कॅबिनेट आले. शिष्येने तापमान नंतर मोजायचे ठरवले. आधी तिने प्लग काढला आणि दुकानात फरशी पुसणाऱ्या मावशींना हाक मारली. “मावशी, यातलं पाणी काढून द्याल? मी काही सांगणार नाही हं.”

मावशींनी कॅबिनेट एकदा न्याहाळले, आपली बादली खाली सरकवली, तोटी फिरवली. पाणी सरळ बादलीत उतरले. टेबल कोरडे.

“एवढंच होय?” मावशी म्हणाल्या. “मला वाटलं, कम्प्युटरचं काम आहे!”

मग पाणी पुन्हा भरून शिष्येने बाकीच्या परीक्षा संध्याकाळपर्यंत नव्याने घेतल्या आणि अहवालावर सही केली. वृद्धांनी तो वाचायला मागितला नाही.

ही गोष्ट सांगू लागल्यापासून मुलाच्या पाण्याच्या बाटलीवर चित्र कोणते हवे ते मी त्यालाच ठरवू देते, आणि धुताना झाकणाच्या खाचेत माझे बोट पोचेल का तेवढे पाहते. तीन बाटल्या घेताना चुकल्यावर एवढे आता मला नक्की कळते.