मॅनेजर कशाने गेला?

एकदा एका भांड्यांच्या दुकानातला मासा मेला. आणि गंमत बघा, दुकानात कुणालाच फारसं वाईट वाटलं नाही! उलट सगळे सुटल्यासारखे माना डोलवत होते.

मासा साधासुधा नव्हता. फ्लॉवरहॉर्न! लालभडक, वीतभर लांब, कपाळावर हे एवढं टेंगूळ. टेंगूळ जितकं मोठं तितकी बरकत जास्त असं मानणारे पुष्कळ असतात, दुकानाचे शेठ त्यातलेच. मासा दिवसभर काचेला नाक लावून गल्ल्याकडे बघत बसायचा, म्हणून त्याचं नाव पडलं होतं मॅनेजर.

टाकीची देखभाल करायची गौतमी. वय बावीस. मागच्या गल्लीत तांडेलकाकांचं पाळायच्या माशांचं दुकान होतं, तिथे ती दोन वर्षं काम शिकत होती. फोन आला तशी स्कूटर काढून धावत आली, तर मॅनेजर उताणा तरंगतोय. तिचे डोळेच भरून आले.

"अगं, रडतेस काय?" शेठ म्हणाले. "दुकानावर काहीतरी मोठं येणार होतं, ते त्याने अंगावर घेतलं. पुण्यवान जीव! तुझी काही चूक नाही हो. परवा धनत्रयोदशी आहे, त्याच्या आत दुसरा आणून सोड म्हणजे झालं. चांगला टेंगळाचा बघ."

आता विचार करा, दुसरं कुणीही इथे "बरं शेठ" म्हणून मोकळं झालं असतं. दोष नाही, वर नवा मासा खपतोय! पण गौतमीचं डोकंच फिरलं.

"काय येणार होतं दुकानावर?"

"ते मला कसं कळणार? टळलं ना!"

"काय होतं ते माहीत नाही, मग टळलं हे कसं कळलं?"

काउंटरवरच्या सुनंदाताई तोंडाला पदर लावून हसल्या. शेठचा चेहरा उतरला.

"शेठ, तो कशाने गेला ते कळल्याशिवाय मी या टाकीत मासा सोडणार नाही."

"मग मी दुसरीकडून आणीन! आणि काकांना सांग, पुढच्या महिन्यापासून टाकी बघायलाही तेच लोक येतील."

"सांगते."

बोलून गेली खरी, पण मग आठवलं. शेठ म्हणजे काकांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक.

तरी ती हटली नाही. हीटर बघितला, ठीक. हवेचा पंप, चालू. खाणं त्याच डब्यातलं, जे खाऊन काकांच्या दुकानातले मासे टुणटुणीत होते. अंगावर जखम नाही, ठिपका नाही.

"सुनंदाताई, काल कसा होता हो?"

"काल ना, दिवसभर वरतीच. तोंड उघडून आ आ करत होता. आम्हाला वाटलं, काहीतरी सांगतोय."

पाण्याचा तर प्रश्नच नव्हता. चारच दिवसांपूर्वी तिने स्वतः टाकी साफ केली होती. शेठच्या दुकानात सणाच्या आधी पातेलं न पातेलं लखलखतं, तिथे टाकी मळकट कशी चालेल? त्यांच्या सांगण्यावरून तिने तळाचे खडे उकळत्या पाण्यातून काढले, फिल्टरमधला स्पंज नळाखाली धरून पांढराशुभ्र केला, पाणी सगळं नवं भरलं. साबण? थेंबभरही नाही, तेवढी अक्कल होती तिला. म्हणून पाण्यावरचा संशय तिने सगळ्यात आधी खोडला होता.

ती परत काकांच्या दुकानात गेली. काकांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे शेठला तोंडावर नाही म्हणालीस?"

"हो. गिऱ्हाईक घालवलं तुमचं."

"हं," काका म्हणाले. उठले, कोपऱ्यातल्या सगळ्यात जुन्या टाकीतून स्पंज काढला. काळा, बुळबुळीत, ठिबकणारा. पिशवीत टाकला. "चल."

भांड्यांच्या दुकानात शिरल्यावर काकांनी आधी टाकीतलं थोडं पाणी एका काचेच्या नळीत भरलं आणि ती गौतमीच्या हातात दिली. मग तो घाणेरडा स्पंज सरळ टाकीत पिळला आणि फिल्टरमध्ये बसवला! नितळ पाण्याचा चहा झाला.

"अहो तांडेल!" शेठ ओरडले. "वेड लागलं का तुम्हाला? सणाच्या तोंडावर!"

"काका, अहो काय करताय!" गौतमीसुद्धा किंचाळली.

काकांनी शांतपणे खिशातून छोटी बाटली काढून नळीत थेंब टाकले. "पाणी चांगलं असेल तर पिवळं राहील."

पाणी हिरवं होत गेलं. गडद हिरवं.

"मासा राहतो तिथेच हगतो-मुततो, शेठ," काका म्हणाले. "त्याचं विष होतं. ते विष खाऊन संपवणारे जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते या मळात राहतात, स्पंजमध्ये, खड्यांच्या बुळबुळीत. त्यांना जमायला कित्येक आठवडे लागतात. ते गेले की पाणी काचेसारखं दिसतं, आणि मासा त्यात गुदमरतो. म्हणून हा मळ आणला."

गौतमी आपल्या हातांकडे बघत राहिली. "म्हणजे मीच मारला त्याला."

काका हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. "आपल्या दुकानातले स्पंज मीच धुतो, टाकीच्याच जुन्या पाण्यात. तुला सांगायचं राहिलं. तेवढं माझंही आहे यात. पण पोरी, शेठनी तुला सुटायला दार उघडून दिलं होतं. तू त्यातून गेली असतीस, तर परवा दुसरा मासा याच पाण्यात पडला असता. आणि तोही पुण्यवान ठरला असता."



"पण परवा काय?" शेठचा आवाज जरा खाली आला होता. "रिकामी टाकी? लोक काय म्हणतील? नाही जमणार, मी आणतोच दुसरा."

"आणा," गौतमी म्हणाली. डोळे ओले, पण आवाज ठणठणीत. "मी रोज येऊन सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ही नळी धरीन."

धनत्रयोदशीला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे लखलखाट, आणि मधोमध ती गढूळ, रिकामी टाकी. गौतमी नळी घेऊन आली तेव्हा एक काकू शेठना म्हणत होत्या, "मासा गेला ना? संकट घेतलं हो त्याने दुकानावरचं!"

शेठनी तोंड उघडलं आणि गौतमीकडे बघितलं.

"नाही हो काकू," ती म्हणाली, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशी. "टाकी मी जास्त घासली, म्हणून गेला."

 शेठ हातातलं चकचकीत तपेलं खाली ठेवत म्हणाले, "घासायला मी लावली होती."

गौतमीने थेंब टाकले. हिरवंच होतं, पण परवापेक्षा जरा फिकं. तिने बोटाने फिल्टरचं झाकण उचलून बघितलं, स्पंज काळाच होता. तिने झाकण अलगद परत लावलं.