आजीची गाय आणि पेढीची पाहुणी

फार पूर्वी, परदेशी जायला शिडाची गलबतं लागत आणि पत्राचं उत्तर यायला वर्ष उलटे, तेव्हाची ही गोष्ट. एका बंदराच्या गावात एक छोटी पतपेढी होती. गावातले सुतार, शिंपी, कोळी आपली शिल्लक तिच्यात ठेवत. त्यातून समुद्रापलीकडच्या डोंगरातल्या शेतकऱ्यांना बी-बियाणं, गाईगुरं घ्यायला मदत होई.

एकदा पेढीने ठरवलं, की आपल्यापैकी कोणीतरी त्या माणसांना भेटून यावं. तिकडची भाषा एकाच मुलीला येत होती, म्हणून तिला पाठवलं. मुलगी शिकलेली, पण भारी भित्री. कोंबडा आरवला तरी दचकायची. आणि समोरचा गप्प बसला, की तिला वाटायचं, आपलं नक्की काहीतरी चुकलं! मग घाबरून ती दिसेल त्याचं कौतुक करत सुटायची.

डोंगरातली माणसं नेमकी अबोल निघाली.

पहिल्या घरी तिला भाजलेला मका दिला आणि सगळे गप्प बसले. "अगंबाई, काय सुरेख भोपळा!" ती म्हणाली. दुसऱ्या घरीही तेच. "घोंगडी किती उबदार हो तुमची!"

शेवटचं घर एका आजीचं. घरात दोन लहानगी नातवंडं, आणि पेढीच्या मदतीने घेतलेली एक गाय. तिच्याच दुधावर घर चाले. आजी नुसती बघत राहिली. मुलगी घाईघाईने म्हणाली,

"आजी, गाय म्हणजे अगदी लक्ष्मी आहे तुमची!"

आजीचा चेहरा क्षणभर उतरला. मग ती हसली आणि म्हणाली, "आहेच मुळी."

संध्याकाळी मुलगी परतीच्या होडीसाठी नदीवर आली. होडीशेजारी भोपळा होता, घोंगडी होती, आणि दावं हातात धरून आजी उभी होती. मागून गाय हंबरली. मुलगी दचकून चिखलात बसली.

"हे काय, आजी?"

"तुला आवडली ना? घेऊन जा."

नावाडी हळूच म्हणाला, "ताई, पाहुण्याने वाखाणलं ते पाहुण्याचं, अशी इथली रीत आहे. दहा तोंडांनी बोललात, आता भोगा!"

"मग मी परत देते."

"छे! दिलेलं परत केलं तर त्या घराची चूल बाटली म्हणतात. पुन्हा कोणी त्यांच्या दारात पाऊल ठेवत नाही."

गाय नेली तर नातवंडं उपाशी, आणि ठेवली तर आजीची बेअब्रू. मुलीला रडूच फुटलं. पण आजीचा हात गाईच्या गळ्यावरून हलत नव्हता, हे तिने पाहिलं. तिने डोळे पुसले आणि दावं हातात घेतलं. मग आपली शाल वाळूवर अंथरली.

"आजी, माझं घर फार लांब. ही शालच माझं अंगण समजा. बसा." तिने आजीला गूळ-पाणी दिलं. "आता तुम्ही माझ्या पाहुण्या. सांगा, माझी गाय कशी वाटते?"

म्हातारी बेरकी. डाव ओळखून म्हणाली, "बरी आहे."

"बरीच म्हणायची! शिंगं वाकडी, चाल आळशी..."

आजी गप्प. पण या वेळी मुलीने घाबरून कौतुक केलं नाही.

"आणि दूध म्हणे पाण्यासारखं पातळ!"

"पातळ?" आजी ताडकन उठली. "अगं, बोटाला साय चिकटते तिच्या दुधाची! अख्ख्या डोंगरात अशी गाय दाखव!"

"वाखाणलीत ना, आजी? मग तुमची झाली," असं म्हणून मुलीने दावं तिच्या हातात ठेवलं.

आजी डोळे वटारून बघत राहिली. "लबाड कुठली!" असं म्हणून तिने मुलीला पोटाशी धरलं. नावाडी इतका हसला की वल्हं पाण्यात पडलं.

भोपळा गलबतावर सगळ्यांनी मिळून खाल्ला. घोंगडी मात्र मुलीने जपली. पुढे शिडाची गलबतं गेली, पेढी मोठी झाली, मुलगीही म्हातारी झाली. पण थंडीत ती घोंगडी अंगावर घेतली, की तिला अजून भाजलेल्या मक्याचा वास येई, आणि वाटे, कोणीतरी शेजारी गप्प बसलं आहे. आता तिला त्याची भीती वाटत नसे.

तात्पर्य: ज्याला आपण मदत केली, त्यालाही आपल्याला काही द्यावंसं वाटतं. त्याचं घर रिकामं होऊ देऊ नये, आणि त्याची मानही खाली जाऊ देऊ नये.