तिळी मुंगी आणि पिवळं पिवळं बाळ

तिळाएवढी एक मुंगी. नाव तिळी. राहायची बाळाच्या पाळण्यावर.

पाळण्याला टांगलं होतं चिमणाळं. लाल राघू, हिरवी मैना, मधे लाकडी मोर. बाळ पाच दिवसांचं. ते पाय मारायचं, धप् धप्! चिमणाळं वाजायचं, खुळखुळ खुळखुळ! आणि राघूच्या शेपटीवर बसून तिळी झोका घ्यायची. मज्जाच मज्जा!

एक दिवस काय झालं? सकाळ झाली, तरी चिमणाळं गप्प. झोका बंद!

"चिमणाळ्या चिमणाळ्या, वाज ना!"

"बाळ पाय मारेल, तर वाजेन."

तिळी निघाली दोरीवरून. तुरुतुरु तुरुतुरु.

"बाळा बाळा, पाय मार ना!
चिमणाळं वाजेना."

बाळ हललंच नाही. डोळे मिटलेले. गाल पिवळे, हात पिवळे, पोट पिवळं. सकाळपासून दूधसुद्धा प्यालं नव्हतं. तिळीला फार भीती वाटली. झोक्याचा विसरच पडला तिला.

तुरुतुरु तुरुतुरु.

"आई आई, बाळाला उठव ना!
बाळ हलेना,
चिमणाळं वाजेना."

आई पलंगावर पडली होती. दमली होती बिचारी. म्हणाली, "गुणी गं माझं बाळ! रडत नाही, छळत नाही. झोपू दे. तानूमावशी म्हणतील, तर उठवीन."

तानूमावशी म्हणजे बाळाला न्हाऊ घालणारी. तेलाची वाटी पुसत बसली होती.

तुरुतुरु तुरुतुरु.

"मावशी मावशी, बाळाला बघ ना! पिवळं पिवळं झालंय!
आई उठवेना,
बाळ हलेना,
चिमणाळं वाजेना."

"पिवळं? अगं, हळद आहे ती! मीच लावली, सायीत कालवून. आणि या अंधारात मला काय दिसतंय? ऊन येईल, तर बघीन."

खोलीत अंधारच होता. बाळाला वारा लागेल, म्हणून पडदा ओढलेला.

तुरुतुरु तुरुतुरु.

"उन्हा उन्हा, आत ये ना!
मावशी बघेना,
आई उठवेना,
बाळ हलेना,
चिमणाळं वाजेना."

ऊन खिडकीबाहेर उभं. म्हणालं, "पडदा सरकेल, तर येईन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"पडद्या पडद्या, सरक ना!
ऊन येईना,
मावशी बघेना,
आई उठवेना,
बाळ हलेना,
चिमणाळं वाजेना."

"मला का हात आहेत? मांजर ओढेल, तर सरकेन."

तुरुतुरु तुरुतुरु. आता तिळीचे पाय दुखायला लागले. सहाच्या सहा!

"मनीताई मनीताई, पडदा ओढ ना!
पडदा सरकेना,
ऊन येईना,
मावशी बघेना,
आई उठवेना,
बाळ हलेना,
चिमणाळं वाजेना."

"अंहं! मी नाही ज्जा!" म्हणाली मनी. आणि झोपली की! घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

मग मात्र तिळी चिडली. मुंगी तिळाएवढी, पण राग हा एवढा! चढली मनीच्या मिशीवर. मिशीवरून गेली नाकात.

आ... आ... आक् छी!

मनी उडाली टुणकन! नखं अडकली पडद्यात.

मांजराने पडदा ओढला. पडदा सरकला, सर्र! ऊन आलं, लख्ख! मावशीने बाळाला बघितलं.

ओल्या रुमालाने गाल पुसला. हळद गेली, पण गाल पिवळाच. बाळाचे डोळे उघडून पाहिले. डोळेही पिवळे! डोळ्यांत का कुणी हळद लावतं?

मावशी आईला म्हणाली, "शलाका, ऊठ गं बाई! चुकलं माझं. ही हळद नव्हे. उठव बाळाला!"

आईने उठवलं. तळपायाला गुदगुल्या केल्या. बाळ उठेना, दूध पिईना.

"मावशी, उन्हात धरू का हो त्याला?"

"उन्हाने भागायचं नाही. डॉक्टरांकडे चल. आत्ताच्या आत्ता!"

रिक्षा आली, टुर्र टुर्र! डॉक्टरबाईंनी बाळाला तपासलं. म्हणाल्या, "कावीळ आहे. बरं झालं, लगेच आणलंत."

बाळ दोन दिवस दवाखान्यात, निळ्या दिव्याखाली. डोळ्यांवर इवलीशी पट्टी. दूध प्यालं, गुटूगुटू गुटूगुटू. पिवळेपणा कमी कमी झाला.

आणि बाळ घरी आलं. पाय मारले, धप् धप्! चिमणाळं वाजलं, खुळखुळ खुळखुळ! तिळी झुलली, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

बाराव्या दिवशी बारसं. आईचे डोळे भरून आले. म्हणाली, "मावशी, तुमच्यामुळे माझं बाळ बरं झालं."

"माझ्यामुळे कसलं? ऊन आलं, म्हणून दिसलं."

ऊन म्हणालं, "पडदा सरकला, म्हणून आलो आत."

पडदा म्हणाला, "मनीने ओढलं, म्हणून सरकलो."

मनी म्हणाली, "मी? मी तर शिंकले! नाकात तिळी होती."

सगळ्यांनी वर पाहिलं. तिळी लाजली.

आईने घुगऱ्यांतला पहिला हरभरा उचलला. पाळण्याच्या काठावर ठेवला. "तिळीबाई, हा तुझा. तुझे उपकार मी कसे गं फेडू?"

तिळीने हरभरा ढकलला. हलेना. पुन्हा ढकलला. हलेना!

मग आईनेच तो बोटांनी कुस्करला. बारीक, अगदी बारीक. आणि तिळीला एकेक कण भरवला.