शूर्पारकच्या पारख्याची चूक

पूर्वी शूर्पारक बंदरी सुयाम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व लोहारांच्या कुळात जन्माला आला. हातोडा काही त्याने फार दिवस धरला नाही. त्याची नजर आणि कान असे तयार झाले, की राजाने त्याला शस्त्रांचा पारखी नेमलं. तलवार उजेडात तिरपी धरायची, लोखंडी खिळ्याने पात्यावर हलकी टिचकी द्यायची, नाद विरेपर्यंत ऐकायचं आणि मग सांगायचं, अमुक देशाची, अमुक वर्षांची, इतकी वापरलेली. तीस वर्षांत त्याचा शब्द एकदाही खोटा पडला नव्हता.

आता बोधिसत्त्व झाला म्हणून एकटेपणा कुणाला चुकतो? बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. शेजारीपाजारी अदबीने वागत, पण ओट्यावर येऊन कुणी टेकत नसे. ज्याच्या शब्दावर माणसं सुटतात आणि अडकतात, त्याच्याशी गप्पा कोण मारणार? सकाळी उठावं, तांदळाची पेज करावी आणि एकट्याने प्यावी. दिवसचे दिवस नुसतं 'हं' म्हणायलासुद्धा माणूस नसे. 'पारखी म्हणाला म्हणजे झालं,' एवढं एक वाक्य गावात त्याच्या नावाने फिरायचं, आणि खरं सांगायचं तर तो त्या वाक्याच्याच आधाराने जगत होता.

त्या साली समुद्रावर चाच्यांनी उच्छाद मांडला होता. राजाच्या धाकट्या भावाचं जहाज त्यांनी लुटलं आणि त्यालाही मारलं. टोळी अरबस्तानच्या किनाऱ्यावरची. स्वतःच्या देशातल्या लोहारांनी घडवलेलं, काळसर लहरींचं पातंच वापरायचं, परक्या देशाचं हाती धरायचं नाही, अशी त्यांची शपथ होती. महिन्याभराने एक फुटकं गलबत शूर्पारकच्या किनाऱ्याला लागलं. त्यात एकच माणूस जिवंत होता, हारिस नावाचा एक म्हातारा अरब. त्याच्या कमरेला जुनी तलवार होती. लोकांनी त्याला फरफटत दरबारात आणलं.

राजा म्हणाला, "पारखी, पातं कुठलं ते सांग. अरबस्तानचं असेल तर हा त्यांच्यातलाच. सुळावर जाईल."

बोधिसत्त्वाने तलवार हातात घेतली. मूठ शिंगाची, तळहाताने घासून गुळगुळीत झालेली. म्यानावर तिकडचं चांदीकाम. धार लावून लावून पातं मूळच्या रुंदीपेक्षा बोटभर झिजलेलं, आणि त्यावर काळसर लहरी. त्याने खिळ्याची टिचकी दिली, पण दरबारात नुसता गलका होता, नाद मध्येच बुडाला. 'जरा गप्प बसा, पुन्हा वाजवतो,' असं म्हणायला हवं होतं. तो म्हणाला नाही. तीस वर्षांची सवय माणसाला अशी आळशी करते.

"अरबस्तानचं," तो म्हणाला. "शंभराहून जास्त वर्षांचं. लढाईत वापरलेलं."

आपलं काहीतरी वाईट ठरतंय एवढं हारिसला कळलं. तो पात्याकडे बोट दाखवून एकच शब्द म्हणत राहिला, "हिंदी, हिंदी."

दुभाषी हसला. "महाराज, जीव वाचवायला आता हा म्हणतोय, मी इकडचाच."

सगळा दरबार हसला. चौथ्या दिवशी सूळ, असं ठरलं.

बोधिसत्त्व घरी आला. पेज निवून गेली तरी त्याने भांड्याला हात लावला नाही. 'मी इकडचा' म्हणणारा माणूस स्वतःच्या छातीवर हात ठेवेल. हा तर पात्याकडे बोट दाखवत होता. एवढी साधी गोष्ट दरबारात एकाच्याही ध्यानात आली नाही, आणि माझ्याही नाही, याने त्याला चैन पडेना.

सकाळी त्याने शस्त्रागारातून तलवार मागून आणली. पारख्याला नाही म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. आपल्या मोकळ्या अंगणात बसून त्याने टिचकी दिली. नाद लांब गेला, एका सुरात, जराही न थरथरता. हा नाद तो पाळण्यात असल्यापासून ऐकत आला होता. मग त्याने मूठ निखाऱ्यांवर शेकली, आतली लाख मऊ केली आणि मूठ ओढून काढली. मुठीत दडलेल्या पात्याच्या शेपटावर बारीक खूण होती, तीन ठिपके आणि एक विड्याचं पान. त्याच्या पणजोबांच्या भट्टीची खूण.

सगळं उलगडलं. पातं इथलं, कधीतरी जहाजावर विकलेलं. तिकडे कुणीतरी आंबट रस चोळून त्याच्या लहरी काळ्या केल्या, शिंगाची मूठ बसवली, आणि नाव ठेवलं 'हिंदी', म्हणजे हिंदची. म्हातारा पहिल्यापासून खरं बोलत होता. बोधिसत्त्व पातं मांडीवर घेऊन बसला. किती वर्षांनी त्याच्या घरात त्याच्या माणसांचं असं काहीतरी आलं होतं. त्याला रडू आलं, आणि ते पुसायलाही त्याने घाई केली नाही.

पण रिवाज कडक होता. पारख्याचा शब्द एकदा खोटा ठरला, की त्याने खिळा राजापुढे ठेवायचा आणि सूर्य मावळायच्या आत वेस ओलांडायची, ती कायमची.

शस्त्रागार अमात्य वीरकाच्या ताब्यात होतं. दुपारी तो तलवार न्यायला आला, त्याने खूण पाहिली आणि काय ते ओळखलं. माणूस वाईट नव्हता, पारख्याची त्याला कीव आली.

"लाख भरा, मूठ बसवा," तो हळूच म्हणाला. "मी काही पाहिलं नाही. तो परका म्हातारा. त्याच्यासाठी रडायला इथे आहे कोण?"

"माझ्यासाठी तरी कोण आहे, अमात्य? मग त्याचा जीव माझ्याहून स्वस्त कसा?"

"आणि या वयात जाल कुठे?"

"ठाऊक नाही. भीती वाटते खरी," बोधिसत्त्व म्हणाला आणि तलवार घेऊन उठला.

दरबारात त्याने मूठ काढलेलं पातं राजापुढे ठेवलं. "पातं आपल्याच बंदरचं आहे, महाराज. हा चाच्यांतला नव्हे. चूक माझी आहे. मी मूठ आणि म्यान पाहून बोललो."

राजाने स्वतः खूण पाहिली आणि हारिसच्या बेड्या तोडायला सांगितल्या. मग म्हणाला, "रिवाज मी आज बाजूला ठेवतो. तू राहा."

"मग पुढच्या खेपेला माझ्या शब्दावर कुणाला सुळावर द्याल, महाराज?"

बोधिसत्त्वाने खिळा राजाच्या पायाशी ठेवला.

बाहेर एकच गर्दी उसळली होती. काल ज्यांनी हारिसला ओढत आणलं होतं, तेच आज त्याला पाटावर बसवून वाढत होते, त्याच्या अंगावर नवी धोतरजोडी घालत होते. त्या गडबडीत पारखी वेशीकडे गेला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. वेशीबाहेर पडल्यावर त्याने एकदा मागे पाहिलं. रस्ता मोकळा होता. मग तो चालू लागला.

एवढं सांगून शास्ते, म्हणजे बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तो राजा म्हणजे आजचा गृहपती सुदन्त, अमात्य वीरक म्हणजे भिक्षू पियक, हारिस म्हणजे हा समोर बसलेला म्हातारा उत्तरक, आणि पारखी तो मीच."

उत्तरक म्हणाला, "भंते, तुम्ही निघालात तेव्हा मी काय करत होतो?"

"जेवत होतास. सात दिवसांचा उपाशी होतास."

"मी तुमच्याबरोबर यायला हवं होतं."

"आला असतास तर मला फार बरं वाटलं असतं, उत्तरक," शास्ते म्हणाले, आणि त्या जन्मी पुरी केलेल्या पारमितेचं, म्हणजे बुद्धत्वाकडे नेणाऱ्या गुणाचं, नाव त्यांनी सांगितलं. सत्य.